ऊसतोड कुटुंबांतील मुलांच्या किडलेल्या दाढा : शाळेला काय करता येईल?

प्रश्न – शिक्षक, बीड जिल्हा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला शिकवतो. गावातील बरीच कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. काही मुले आईवडिलांबरोबर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, राहतात, तर काही आजीजवळ गावीच थांबतात. सातवीतील एक मुलगी हल्ली एकाच बाजूने चावते, किडलेल्या दाढेत लवंग धरून वर्गात बसते आणि ठणका वाढला की बाकावर डोके टेकते. त्याच वर्गातील एका दुकानदाराच्या मुलाची दाढ मात्र वेळीच भरली गेली. गोड दोघेही खातात. मग फरक नेमका कुठे पडतो आणि शाळेला काय करता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ – दंतवैद्य

गुरुजी, आधी त्या मुलीविषयी : गालावर सूज किंवा ताप असेल, तर एक दिवसही न थांबता तिला रुग्णालयात न्यावे.

२००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १२ वर्षांच्या सुमारे ५४ टक्के आणि १५ वर्षांच्या सुमारे ६३ टक्के मुलांमध्ये दंतक्षय आढळला होता, म्हणजे कीड केवळ गरिबांच्याच दातांना लागते असे नाही. दुसरी कायमची दाढ बाराव्या वर्षाच्या सुमारास येते. तिच्या खाचा खोल असतात आणि वरचे आवरण अजून पुरेसे पक्के झालेले नसते. सकाळी चहात बुडवून खाल्लेला पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा त्या खाचांत चिकटून राहतो आणि जेवणाऐवजी दिवसभर असेच काहीबाही खाल्ले गेले, तर तोंडातील आम्ल ओसरायला उसंतच मिळत नाही. खरी दरी पडते ती यानंतर. लहान कीड सहसा एका भेटीत भरता येते. ती दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली की मूळनलिका उपचारासाठी (रूट कॅनाल) अनेकदा दोन-तीन फेऱ्या लागतात आणि प्रत्येक फेरीला घरातील कुणाची तरी मजुरी बुडते. म्हणून पालक एका फेरीत दाढ काढून घेतात. त्याला हलगर्जीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध लावून, दात न कोरता, कीड बऱ्याचदा थांबवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. किडलेला भाग काळा पडतो, हे मात्र मुलांना आणि पालकांना आधी सांगावे. नसेपर्यंत गेलेल्या, दुखणाऱ्या दाढेला त्याचा उपयोग नाही.

उत्तर २ – शालेय आरोग्य तपासणी पथकातील वैद्यकीय अधिकारी

२०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि त्यात दंतक्षयाचाही समावेश आहे. शाळेत पथक साधारणपणे वर्षातून एकदा येते. ती फेरी डिसेंबरात पडली, तर ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे तीच मुले फडावर असतात. गावी थांबलेल्या मुलांच्या आजीच्या हातात संदर्भ चिठ्ठी (मोठ्या रुग्णालयात दाखवण्यासाठीची) पडते आणि तालुक्याच्या गाडीभाड्यापाशी ती अडते. म्हणून आपल्या शाळेची तपासणी जून ते सप्टेंबर या काळात व्हावी, असे लेखी पत्र मुख्याध्यापकांमार्फत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावे. चिठ्ठी मिळालेल्या मुलांना एकाच दिवशी, शिक्षकांसोबत, दंतचिकित्सक उपलब्ध असलेल्या शासकीय रुग्णालयात नेता आले, तर पालकांची मजुरी बुडत नाही. तारीख मात्र रुग्णालयाशी आधी बोलून ठरवावी, नाहीतर मुले रांगेतूनच परत येतात.

उत्तर ३ – हंगामी वसतिगृहात काम केलेली कार्यकर्ती

सर, 'दात घासा' असे सांगून भागत नाही. कोपीवर पेस्ट संपली की ती पुन्हा आणली जाईलच असे नाही आणि आई लावते ती मशेरी मुलीच्याही बोटावर येते. ठणका तात्पुरता बधिर झाल्यासारखा वाटतो आणि तंबाखूची सवय मात्र जडते. आम्ही वसतिगृहात सामायिक खर्चातून फ्लोराइडयुक्त पेस्ट आणत असू आणि रात्रीच्या जेवणानंतर सर्वांना ओळीने उभे करून दात घासून घेत असू. ब्रश प्रत्येकाचा वेगळा आणि त्यावर नाव लिहिलेले. घासून झाल्यावर थुंकायचे, पण खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते. हे शाळेत मध्यान्ह भोजनानंतरही करता येईल. हंगामाला निघणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पिशवीत पेस्टची एक मोठी ट्यूब आणि ब्रश द्यावा. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडावा आणि तो दसऱ्याच्या आधी मांडावा.