फ्रेंचमधला 'अँपार्फे द्यु स्युब्जॉंक्तिफ' ओळखायचा कसा आणि मराठीत आणायचा कसा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

चार वर्षं फ्रेंच शिकते आहे. बोलणं, पत्रव्यवहार, वर्तमानपत्र इथवर गाडी नीट चालते. गेल्या दिवाळीपासून व्हिक्टर झाकमॉं या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाची हिंदुस्थानातून घरी धाडलेली पत्रं वाचायला घेतली आहेत. हा माणूस १८२९ मध्ये कलकत्त्याला उतरला, हिमालय, पंजाब, काश्मीर पालथं घालत दख्खनेत आला आणि १८३२ च्या डिसेंबरात मुंबईत वारला. वय अवघं एकतीस. मुंबईत गेलेल्या या मुलाची पत्रं मराठीत असायला हवीत असं मनापासून वाटतं, म्हणून थोडीथोडी उतरवते आहे.

अडतं ते क्रियापदांपाशी, त्यातही शीर्षकातल्या काळापाशी. इच्छा, भीती, न घडलेली गोष्ट सांगणाऱ्या रूपांना फ्रेंचमध्ये 'स्युब्जॉंक्तिफ' म्हणतात, त्याचा हा भूतकाळी प्रकार. वर्गात हा काळ एका तासात उरकला होता. "आता कुणी वापरत नाही, ओळखता आला की पुरे," एवढंच सांगितलं गेलं. पण ओळखताच येत नाही, हीच तर अडचण आहे.

पत्रातली वाक्यं लांबलचक आहेत, म्हणून त्याच घडणीची छोटी वाक्यं देते. फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिते. ओठांचा चंबू करून 'ई' म्हटलं की जो स्वर निघतो तो 'यू' असा लिहिला आहे, आणि स्वरावरच्या छपरासारख्या चिन्हाला 'टोपी' म्हणते.

'इल फ्यू' म्हणजे 'तो होता', हा पासे सांप्ल, म्हणजे लिखाणातला साधा भूतकाळ. पण टोपीवाला 'फ्यू' आला की अर्थ बदलतो. 'यू' (त्याच्याकडे होतं), 'व्हँ' (तो आला), 'फी' (त्याने केलं) यांचंही तेच. उच्चारात काडीचा फरक नाही. मी 'सां ला प्ल्वी, इल फ्यू पार्ती' याचं भाषांतर 'पावसाशिवाय तो निघून गेला' असं केलं होतं. दोन दिवसांनी पुढचा मजकूर वाचताना कळलं की माणूस निघालेलाच नाही! तेव्हापासून आधीच्या वीस पानांवरचा विश्वास उडाला आहे.

तर विचारायचं ते असं. ही रूपं पाठांतराशिवाय बनवता येतात का? टोपीवर कितपत भरवसा ठेवावा? आणि मराठीत यासाठी एकच एक साचा आहे का, की दर वेळी वेगळं काही करावं लागतं?

प्रतिसाद १

मी पुण्यात बरीच वर्षं फ्रेंच शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाठांतर लागत नाही. पासे सांप्ल येत असेल तर या काळात एकही अपवाद नाही. पासे सांप्लचं 'त्यू'चं, म्हणजे 'तू'चं रूप घ्या. लिहिताना त्याच्या शेवटी एस असतो, तो उच्चारत नाहीत. त्याला आणखी एक एस आणि ई जोडा, की 'झ'चं, म्हणजे 'मी'चं रूप तयार. 'त्यू पार्ला' (तू बोललास) वरून: झ पार्लास, त्यू पार्लास, इल (तो) पार्ला, नू (आम्ही) पार्लासिऑं, व्हू (तुम्ही) पार्लासिए, इल (ते) पार्लास. सगळीकडे 'स' ऐकू येतो, फक्त एकवचनी तृतीय पुरुषात नाही. तिथे टोपी आणि शेवटी टी.

स्वर चारच. लिहिताना शेवटी 'er' असलेली सगळी क्रियापदं 'आ'ची. पार्तीर, फिनीर, फेर, व्ह्वार ही 'ई'ची. एत्र, आव्ह्वार, पुव्ह्वार, साव्ह्वार 'यू'ची, म्हणून फ्यूस, यूस. व्हनीर आणि तनीर 'अँ'ची, म्हणून व्हँस, तँस. फिनीरच्या गटात मात्र सावध राहा: 'क झ फिनीस' ('क' म्हणजे 'की', 'इल'शी जोडून 'किल') हे वर्तमानकाळी स्युब्जॉंक्तिफचंही रूप आहे आणि या काळातलंही. फरक फक्त 'इल'ला दिसतो, एकीकडे 'किल फिनीस', दुसरीकडे टोपीवाला 'किल फिनी'.

आता टोपी. ती शोभेची नाही, गळलेल्या 'स'ची खूण आहे. हॉस्पिटलचं फ्रेंचमध्ये 'ओपिताल' झालं, फॉरेस्टचं 'फोरे' झालं, दोन्हीत टोपी आहे ती त्याच 'स'च्या जागी. जुन्या फ्रेंचमध्ये 'फ्यूस्त' लिहीत. म्हणजे सगळ्या तक्त्यात उघडपणे बसलेला 'स' या एका ठिकाणी टोपीखाली गेला आहे. हे एकदा डोक्यात बसलं की घोटाळा होत नाही. १९९० च्या शुद्धलेखन सुधारणांनी 'इ' आणि 'यू'वरच्या पुष्कळ टोप्या ऐच्छिक केल्या, पण या रूपांवरची टोपी मुद्दाम राखली.

भरवसा ठेवा, पण फक्त एकवचनी तृतीय पुरुषापुरता. 'नू फ्यूम', 'व्हू फ्यूत' यांवरही टोपी असते आणि ते शुद्ध पासे सांप्ल आहेत.

माझ्या मुलांना मी एक जोडी हमखास देते: 'आप्रे किल यू फिनी' (त्याचं झाल्यावर) आणि 'आव्हां किल यू फिनी' (त्याचं होण्याआधी). पहिला 'यू' बिनटोपीचा, कारण गोष्ट घडून गेलेली आहे. दुसरा टोपीवाला, कारण ती अजून घडायची आहे. खुद्द फ्रेंच माणसंही पहिल्यावर चुकून टोपी चढवतात.

प्रतिसाद २

गोव्याहून लिहितो. फ्रेंच मला येत नाही, पण हा 'स' बघून राहवलं नाही. माझी आई १९६१ च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकली. तिच्या तोंडी हा काळ आजही आहे. 'सी एऊ फोस' म्हणजे 'मी असतो तर'. 'केरीअ के एल व्हिएस' म्हणजे 'त्याने यावं असं वाटत होतं'. मी तिला ताईंचं 'फ्यूस' वाचून दाखवलं तर ती लगेच म्हणाली, "हे तर आमचं फोस!" पोर्तुगीजमध्ये याला कुणी जुनाट समजत नाही, बाजारहाटातही चालतो.

प्रतिसाद १

दादा, आईंना नमस्कार सांगा, अगदी बरोबर ओळखलं त्यांनी. दोन्ही एकाच लॅटिन रूपातून आले. इटालियनमध्येही तो जिवंत आहे. फ्रेंचने तेवढा बोलण्यातून सोडला.

प्रतिसाद ३

लिऑंमध्ये अकरा वर्षं राहतो आहे. इथे ऑफिसात, दुकानात, घरी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. 'त्याने यावं अशी माझी इच्छा होती' याला सगळे 'झ व्हुले किल व्ह्येन' म्हणतात, म्हणजे सरळ वर्तमानकाळी स्युब्जॉंक्तिफ. जुन्या नियमाने तिथे 'झ व्हुले किल व्हँ' हवं. परीक्षांपुरती मोकळीक सरकारनेच दिलेली आहे. १९०१ च्या आदेशाने 'इल फोद्रे' (करायला हवं, बरं होईल) अशा वाक्यांनंतर वर्तमान चालवून घेतला, आणि १९७६ च्या आदेशाने भूतकाळी क्रियापदानंतरही.

मला स्वतःला हे कळलं ते मराठीमुळे. 'त्याने यावं अशी इच्छा आहे', 'त्याने यावं अशी इच्छा होती'. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं तरी 'यावं' जागचं हललं का? नाही. आजची फ्रेंच मराठीसारखी वागते. झाकमॉंच्या पिढीची फ्रेंच 'यावं'लाही भूतकाळात ओढायची.

आणि 'मेलेला काळ' म्हणून त्याची भीती बाळगू नका. आपण 'आजी पहाटे उठे, सडा घाली, तुळशीला पाणी देई' असं वाचतो तेव्हा अडखळतो का? पण स्वयंपाकघरात कुणी 'मी रोज उठे' म्हणत नाही. वाचनातला काळ आणि तोंडातला काळ वेगळा असणं आपल्याला नवीन नाही.

प्रतिसाद १

'उठे, घाली, देई' हे उदाहरण मी उद्याच वर्गात वापरणार!

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न राहिला. मराठीत एकच साचा शोधू नका, मिळणार नाही. इच्छा किंवा आज्ञा असेल तिथे 'यावं, करावं'. 'आव्हां किल पार्ती' ला 'तो निघण्यापूर्वी', तिथे क्रियापदाचं नामच होऊन जातं. 'ब्यँ किल फी फ्र्वा' ला 'थंडी असूनही'. भीती असेल तर 'असेल की काय': 'इल क्रेन्ये केल न फ्यू मालाद' म्हणजे 'ती आजारी असेल की काय अशी त्याला धास्ती होती'. यातला 'न' नकारार्थी नाही, भीतीच्या क्रियापदामागून तो नुसताच येतो. 'ती आजारी नसेल' असं केलंत तर अर्थ उलटा होईल.

आणि तुमचं पावसाचं वाक्य: 'पाऊस नसता तर तो निघून गेला असता'. टोपीवाला 'यू' किंवा 'फ्यू' आणि त्यापुढे दुसरं क्रियापद, वाक्यात 'क' नाही, अशी जोडी दिसली की आधी 'असतं, असता, असती' लावून बघा. तिथे घडलेलं काही नाही, घडू शकलं असतं ते आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून वीसही पानं पुन्हा तपासली. टोपीवाले 'यू' आणि 'फ्यू' पेन्सिलने गोल केले. एकूण सतरा निघाले, त्यातले सहा मी घडलेल्या गोष्टी म्हणून लिहून बसले होते. त्या सहा ठिकाणी आता 'असतं' आलं आहे. ज्या प्रवासाला तो गेला असं मी लिहिलं होतं, तो प्रवास त्याला करता आला असता, इतकंच त्याने घरी कळवलं होतं. आपल्या चुकीने त्याच्या तोंडी भलतंच गेलं असतं, याचं फार वाईट वाटलं.

एक शंका उरली. 'न फ्यू-स क' असं एका जागी आलं आहे, 'फ्यू'वर टोपी. 'निदान' म्हणू का?

प्रतिसाद १

हो. 'न फ्यू-स क प्युर अँ झूर' म्हणजे 'निदान एक दिवसासाठी तरी'. हा तर आजच्या लिखाणातही सर्रास दिसतो. पुढची पानं झाली की अडलेली वाक्यं इथेच टाका, बघते.