जग बँडमधल्या 'जग'ला मराठीत काय म्हणावं?

पायवाट: अमेरिकेतल्या ब्लूज (तिथल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) वाजवणाऱ्या भावांवर दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. मेम्फिस जग बँडमधले चार्ली आणि रॉबर्ट बर्स त्यात आहेत. चार्ली १९२८ मध्ये बँडात आला आणि १९५६ लाही बँडचा म्होरक्या विल शेड याच्याबरोबर रेकॉर्डिंग करत होता. जग म्हणजे त्यांच्याकडे वाद्य म्हणून वाजवतात ते अरुंद तोंडाचं मोठं भांडं. आता 'जग' लिहिलं की दुनिया आठवते नाहीतर पाण्याचा प्लास्टिकचा जग. संपादक म्हणतात 'घटवाद्यवृंद' करा, मला पटत नाहीये.

वाटसरू: घट अजिबात नको! घटम हाताने वाजतो, हा तोंडाने. नुसती फुंकही नाही, तुतारीला लावतात तसे ओठ थरथरवायचे, जग तोंडापासून जरासा लांब धरायचा, मग आतली हवा घुमून खर्ज निघतो.

जुनेरं: मग सुरई म्हणा की. त्यात सूर आहेच, शब्द त्यावरूनच आला असणार.

वाटसरू: नाही हो ताई, ती अरबी-फारसी सुराही. सुराशी संबंध नाही.

जुनेरं: नसू दे, ऐकणाऱ्याला सूर ऐकू येतो ना, मग झालं.

कोकणकडा: बुधला! आमच्याकडे तेलाचा मातीचा बुधला होता, पोट फुगीर, तोंड अरुंद, मानेला कान. मामा रिकाम्या बुधल्याला तोंड लावून असा घुमवायचा की गोठ्यातली गाय उठून उभी राहायची. 'बुधला बँड' लिहा, लोकांना चटकन कळेल.

साधंसोपं: गिटार, व्हायोलिन जसंच्या तसं घेतलं ना आपण? मग जगानेच काय घोडं मारलंय? एकदा समजावून सांगा आणि पुढे चला.

जुनेरं: हार्मोनियमची पेटी केलीच ना लोकांनी, आणि ती रुळली.

पायवाट: अजून एक, मिसिसिपीच्या चॅटमन भावांना 'घराणं' म्हणू का? वडील हेंडरसन फिडल (म्हणजे व्हायोलिनच) वाजवायचे, मुलं लॉनी, बो, सॅम, सगळी वाजवणारी. सॅम तर १९८३ मध्ये गेला, म्हातारपणीही ब्लूज वाजवत होता.

वाटसरू: त्यांचा मिसिसिपी शीक्स हा स्ट्रिंग बँड, म्हणजे तंतुवाद्यांचा, होता, जग बँड नव्हे, लेखात गल्लत नको. आणि घराणं म्हणजे गायकी. सुरेशबाबू माने आणि हिराबाई सख्खी भावंडं, पण भीमसेन रक्ताचे नसूनही त्यांच्याच किराणा घराण्याचे.

साधंसोपं: 'चांगल्या घराण्यातली मुलगी' म्हणतो तेव्हा कुठली गायकी असते? कुटुंब हा अर्थ आहेच.

वाटसरू: लग्नाच्या बोलण्यात चालेल, संगीताच्या लेखात वाचणारा गुरुपरंपराच शोधणार.

जुनेरं: कोकणकडा, बुधला मातीचा कसा? आमच्या आजोळी तो चामड्याचा असायचा, तुपाचा, आणि त्याला कान नव्हता.

कोकणकडा: कान होता हो, मी धरून उचललाय.