चंद्रलेखेचे स्वयंवर: घडलेले की कवीने रचलेले?

प्रश्न:
शिलाहार म्हटले की आम्हा कोल्हापूरकरांना दुसरा भोज, पन्हाळा आणि खिद्रापूर एवढेच आठवते. परंतु याच घराण्यातील चंद्रलेखा ही चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याची राणी झाली आणि कऱ्हाडच्या स्वयंवरात तिने त्याला माळ घातली, असे त्याचा दरबारी कवी बिल्हण याच्या ‘विक्रमांकदेवचरित’ या संस्कृत काव्यात वाचल्यापासून एक शंका मनात घर करून आहे. शिलाहार जर चालुक्यांचे मांडलिक होते, तर मांडलिकाच्या लेकीला सम्राट नाकारण्याची मोकळीक होती का? आणि ज्या कल्याणला ती सासरी गेली, ते ठाण्याजवळचेच ना?

उत्तर १:
आधी कल्याणचे. ते ठाण्याजवळचे नव्हे, तर आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण होय. ही गफलत भल्याभल्यांची होते.

विवाह आणि स्वयंवर या गोष्टी मात्र वेगळ्या धराव्यात. विक्रमादित्याची राणी म्हणून चंदलदेवीचे, म्हणजे चंद्रलेखेचेच, नाव शिलालेखांतही येते, त्यामुळे विवाहाविषयी संशय नाही. स्वयंवराची गोष्ट निराळी. काव्याच्या नवव्या सर्गात प्रतिहारी (द्वारपालिका) तिला अयोध्या, चेदी, कान्यकुब्ज, माळवा, गुर्जर, पांड्य, चोल अशा राजांपुढून नेते आणि ती एकेकाला नापसंत करीत पुढे सरकते. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तील इंदुमतीच्या स्वयंवराची आठवण होणार नाही, असा वाचक विरळा! एवढे राजे एका मांडलिकाच्या अंगणात ओळीने बसले असतील, हे मला पटत नाही. थोरला भाऊ दुसरा सोमेश्वर याला दूर सारून विक्रमादित्याने १०७६ मध्ये गादी घेतली होती. अशा राजाला कऱ्हाड-पन्हाळ्याचे शिलाहार सोयरे म्हणून हवेसे वाटणे स्वाभाविक होते. बिल्हण त्याचाच आश्रित, तेव्हा सोयरिकीला त्याने काव्याची वस्त्रे चढवली, इतकेच.

उत्तर २:
वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे, पण तिच्या रूपाची कीर्ती केवळ बिल्हणाची करामत नसावी. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त, म्हणजे काश्मीरच्या राजांच्या काव्यमय इतिहासात, तिथला राजा हर्ष (१०८९ ते ११०१) कर्णाटाधिपती पर्मांडीची, म्हणजे विक्रमादित्याचीच, राणी चंदला हिचे चित्र पाहून वेडावतो आणि तिला मिळवण्याची भरसभेत प्रतिज्ञा करतो. गंमत म्हणजे मदन नावाचा सेनापती त्या चित्राचा कारभारी होतो आणि चित्रातल्या राणीच्या वस्त्रालंकारांसाठी राजाकडून पैसे उकळतो. हर्षाचा भोळसटपणा दाखवण्यासाठी कल्हणाने हे लिहिले आहे, हे खरे. तरीही तिचे नाव त्यालाही ठाऊक होते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. इतिहासकार तिला ज्या मारसिंहाची कन्या मानतात, त्याचा १०५८ चा ताम्रपट मिरजेचा आहे, म्हणजे माहेर आपल्या अगदी दारातले. एक गोष्ट मात्र खटकली. बिल्हणाने आठवा सर्ग तिच्या रूपवर्णनात घालवला, हर्ष चित्रावर भाळला, पण कल्याणला गेल्यावर ती काय करीत होती याची दोघांनाही पर्वा नाही. विक्रमादित्याच्या काही राण्यांकडे गावांचा कारभार होता, असे शिलालेख सांगतात. आता काव्य बाजूला ठेवून तेच लेख वाचायला घेतो.