निर्दोष सुटल्यानंतर निलंबनकाळाचा पूर्ण पगार मिळतो का?

करवीरकर:
माझे वडील कोल्हापुरात राज्य शासनाच्या एका कार्यालयात लिपिक आहेत. लाच प्रकरणातील अटकेनंतर ते तीन वर्षे निलंबित होते. पुढे त्यांना कामावर घेतले आणि गेल्या महिन्यात विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. निकालपत्रात मात्र ‘संशयाचा फायदा’ असे शब्द आहेत. आता कार्यालयाने ‘निलंबन कालावधी हा निलंबन कालावधी म्हणूनच समजण्यात येत आहे’ असा दोन ओळींचा आदेश दिला आहे. पगारातील फरक आणि वेतनवाढी गेल्या असेच समजायचे का?

रंकाळा:
निर्दोष सुटल्यावर सगळे द्यावेच लागते. अर्ज करावा.

निवृत्त आस्थापना लिपिक:
वरील उत्तर ऐकायला गोड आहे, पण नियम तसा नाही. १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांतील (पदग्रहण अवधी, निलंबनकाळातील प्रदाने इत्यादी) नियम ७२ नुसार, निलंबन पूर्णपणे असमर्थनीय होते असे सक्षम प्राधिकाऱ्याचे मत झाले, तरच पूर्ण वेतन मिळते आणि तो काळ कर्तव्यकाळ ठरतो. १९९७ मध्ये महाराष्ट्रातीलच एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच नियमाचा विचार करून, सुटकेमागोमाग थकबाकी आपोआप मिळत नाही, असे स्पष्ट केले. त्यामुळे ‘संशयाचा फायदा’ हे शब्द तुम्हाला जड जाणार, हे मोकळेपणाने सांगतो.

मात्र पूर्ण वेतन नाकारायचे असेल, तर प्रस्तावित रक्कम कळवणारी नोटीस देऊन कर्मचाऱ्याचे म्हणणे विचारात घ्यावेच लागते. ती नोटीस मिळाली होती का?

करवीरकर:
नाही. थेट आदेशच हाती आला.

निवृत्त आस्थापना लिपिक:
मग तुमचा खरा मुद्दा तोच आहे. नोटीस नाही, कारणे नाहीत, म्हणून आदेश रद्द करून नव्याने निर्णय घ्यावा, असे अभिवेदन द्या आणि त्याची पोच घ्या. निकालपत्राची प्रमाणित प्रत जोडा. पुरावाच नव्हता असे न्यायालयाने कुठे म्हटले असेल, तर तो परिच्छेद अभिवेदनात उतरवा. पूर्ण वेतन मिळालेच नाही, तरी कर्मचाऱ्याच्या इच्छेनुसार तो काळ देय रजेत बदलता येतो. हा पर्याय पुष्कळांना ठाऊक नसतो.

वकील, शाहूपुरी:
एक भर घालतो. दाद न मिळाल्यास महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे जावे लागेल. कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच असले, तरी राज्य कर्मचाऱ्याला अशा बाबतीत आधी न्यायाधिकरणच गाठावे लागते. (जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांची गोष्ट वेगळी.) मुदत साधारण एक वर्षाची असते, आणि स्मरणपत्रांमागून स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने ती वाढत नाही.