मदत हवी आहे: लहानपणापासून मंडळीत (चर्चमध्ये) वाढलेल्याने पाचारणाची, म्हणजे देवाने सेवेसाठी बोलावल्याची, साक्ष कशी मांडावी?

सेमिनरीच्या (पाळक घडवणाऱ्या ख्रिस्ती विद्यालयाच्या) प्रवेशासाठी एक पानी साक्ष लिहायची आहे. तीच तीन मिनिटांत बोलायचीही आहे, म्हणजे साधारण 300 ते 350 शब्द.

नमुना म्हणून बहुतेक जण प्रेषित पौलाची अग्रिप्पा राजापुढची साक्ष घेतात (प्रेषितांची कृत्ये 26): वचन 4 ते 11 आधीचं जीवन, 12 ते 18 ख्रिस्ताची भेट, 19 पासून आज्ञापालन. पण संडे स्कूल, दृढीकरण (बाप्तिस्म्याचा विश्वास पुढे स्वतः कबूल करण्याचा विधी), गायनमंडळ अशा वाटेने आलेल्याकडे दिमिष्काचा रस्ता, म्हणजे पौलाला तिथे घडली तशी अचानक भेट, नसते. मग मधला भाग ओढूनताणून नाट्यमय केला जातो आणि नेमका तिथेच खोटा वाटतो. त्यापेक्षा शमुवेल जवळचा (1 शमुवेल 3). तो मंदिरातच वाढला, तीनदा हाक ऐकून एली याजकाकडे धावला आणि चौथ्यांदा देवाला उत्तर दिलं. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वासही आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आलेला.

दुसरी चूक शेवटी होते. "मला हाक जाणवली" एवढंच लिहिलं जातं. कोणती सेवा किती वर्षं केली, पाळक आणि वडीलजनांनी त्यात काय ओळखलं, हे राहून जातं. माझ्या मते निवड समिती तेच आधी शोधते.

जाणकारांनी सांगावं: बालपणाला पाव भाग पुरे का? शिशु बाप्तिस्मा झाला असेल तर "माझा निर्णय" दृढीकरणाशी जोडावा का? आणि शंकेचा काळ लिहायचा तर तो सुटला कसा, हे किती वाक्यांत?