टस्कनीत ८ रात्री, ६ माणसं: मुक्काम कुठे, गाडी कधी?

बिऱ्हाड_पाठीवर
मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात टस्कनीचं ठरतंय. आम्ही दोघं, ८ आणि १२ वर्षांची मुलं, सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे. सगळे शाकाहारी. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. सपाटीला चालतात, चढ झेपत नाही. गाडी आम्ही दोघंही चालवतो. येणं-जाणं रोमहून, पण रोम पूर्वी पाहिलंय. कच्चा बेत असा: फ्लोरेन्स २ रात्री, मग पिसा, लुक्का, सिएना, सान जिमिन्यानो, पिएन्झा, ओर्व्हिएतो एकेक. काय गाळू? गाडी पहिल्या दिवसापासून घ्यावी का?

घाटमाथा
गावं राहू द्या, मुक्काम गाळा. सकाळी १०-११ला खोली सोडायची आणि पुढची दुपारी ३ नंतर मिळणार. मधले तास सहा जणांच्या बॅगा राखण्यात जातात, आणि बघण्याची वेळ नेमकी तीच असते.

दोनच तळ ठेवा. पहिल्या ४ रात्री फ्लोरेन्स, गाडीशिवाय. पुढच्या ४ रात्री पिएन्झाच्या आसपास आग्रितुरिस्मो, म्हणजे शेतावरचं घर, गाडीसह.

फ्लोरेन्सहून लुक्का रेल्वेने साधारण १ तास २० मिनिटं. तुमच्या मंडळींना हेच गाव सगळ्यात मानवेल, कारण ते सपाट आहे. गावाभोवतीचा तट शाबूत आहे, घेर ४ किमीच्या थोडा वर, आणि माथा इतका रुंद की वर झाडांची रांग आणि सायकलींचा रस्ता. चौघांनी बसून पायडल मारायच्या गाड्याही भाड्याने मिळतात. लुक्का ते पिसा जेमतेम अर्धा तास, मनोरा त्याच दिवशी उरकतो. पिसाला मुक्काम नकोच.

प्रादेशिक गाड्यांचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून मगच चढायचं, नाहीतर तिकीट हातात असून दंड होतो. मोबाइलवर काढलं असेल तर चेक-इन करावं लागतं. या गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, आधी काढून काही वाचत नाही. रोम-फ्लोरेन्स जलद गाडीचं मात्र लवकर काढा, ते विमानासारखं चढत जातं.

घाटमाथा
आता गाडी. शहरात घेऊ नका. फ्लोरेन्सच्या पेरेतोला विमानतळावर घ्या. मध्यवर्ती स्टेशनाजवळून ट्राम टी-२ थेट तिथे जाते. कारण झेडटीएल. जुन्या गावांच्या गाभ्यात फक्त परवान्याच्या गाड्यांना प्रवेश, आणि नाक्यावर माणूस नसतो, कॅमेरा असतो. पांढऱ्या गोल पाटीला लाल कडा दिसली की थांबा. शेजारच्या फलकावर 'वार्को आत्तीव्हो' असेल तर कॅमेरा चालू आहे, आत जायचं नाही. बरेच जण 'नाका उघडा' समजून आत शिरतात. दोनदा शिरलात तर दंडही दोनदा. तो काही महिन्यांनी भारतात घरी येतो आणि त्याआधीच भाड्याची कंपनी पत्ता कळवण्याचं शुल्क कार्डावरून कापते. नकाशाचं ॲप या हद्दी नेहमी टाळतंच असं नाही. ठिकाण म्हणून गावाचं नाव टाकू नका, तटाबाहेरच्या पार्किंगचं नाव टाका.

पार्किंगच्या रेषा: पांढरी बहुधा फुकट (पाटीवर वेळेची मर्यादा वाचा), निळी पैसे भरून, पिवळी आपली नाही.

सहा जणांना सात आसनी गाडी पुरेल असं वाटतं, पण मागची रांग उघडली की बॅगांना जागा उरत नाही. नऊ आसनी व्हॅन डोंगरगावांच्या वळणांवर आणि पार्किंगमध्ये नको होते. दोघंही चालवताय, तर दोन छोट्या गाड्या घ्या. ऑटोमॅटिक कमी असतात, आत्ताच सांगून ठेवा. दोघांनाही आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना लागेल, मूळ परवान्यासह. आणि १५० सेंमीपेक्षा कमी उंचीच्या मुलाला बूस्टर सक्तीचा. १२ वर्षांच्या मुलालाही मोजून बघा.

जात्यावरची_ओवी
खाण्याचं मी सांगते. पहिला सापळा चीजचा. पार्मिजानोमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) असतंच, पेकोरिनोत बहुधा कोकराचं किंवा वासराचं. चालत नसेल तर पाकिटावर 'कालियो व्हेजेताले' (वनस्पतिज रेनेट) शोधा. नुसतं 'कालियो' म्हणजे प्राणिज धरून चाला. रिसोत्तो बऱ्याचदा मांसाच्या रश्शात शिजतो. पिएन्झाच्या बाजूला 'पिची आल्लालियोने' मागा: पीठ-पाण्याचे जाड शेव, बहुधा बिनअंड्याचे, वर टोमॅटो आणि मोठ्या लसणीचा रस. रिबोलिता म्हणजे पांढरा घेवडा, काळा कोबी आणि शिळ्या पावाचं दाट सूप. त्यात डुकराचं काही नाही ना, हे विचारून घ्या. पिसा-लुक्काकडची चेचिना तर बेसनाचीच, मुलं खातील. पाव बिनमिठाचा असतो, तो तिथला रिवाज, तक्रार करू नका.

रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळत नाही आणि दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद. म्हणून शेतघर स्वयंपाकघरासकटच घ्या. पोहे, डाळ, मसाले, मेतकूट न्या. तूप, पेढे, पनीर नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. गावातली दुकानं रविवारी दुपारनंतर धरू नका, शनिवारीच सामान भरा.

आणि वीज! तिकडच्या घरांना साधारण ३ किलोवॉटचीच जोडणी असते. ओव्हन, वॉशिंग मशीन आणि गिझर एकदम लावलेत की अंधार. मेन स्विच कुठे आहे, ते किल्ली घेतानाच विचारा. कधीकधी तो घराबाहेरच्या पेटीत असतो.

बिऱ्हाड_पाठीवर
फार उपयोगी! सासऱ्यांसाठी सिएना जमेल का? सान जिमिन्यानो?

घाटमाथा
सिएना जमेल, पण रेल्वेने नको. स्टेशन खाली दरीत आहे. सरकते जिने आहेत, तरी पुढे बरंच चालावं लागतं. गाडीने सांता कातेरिना पार्किंगला जा, तिथून सरकत्या जिन्यांनी कॅथेड्रलजवळ निघता. मांज्याचा मनोरा ४०० च्या आसपास पायऱ्यांचा, तो मुलांसाठी.

सान जिमिन्यानो दुपारी चारनंतर. तोवर सहलींच्या बसेस निघतात आणि उरलेले १४ मनोरे नीट दिसतात. रस्ता चढाचाच आहे, मधल्या चौकापर्यंत जाऊन बसू द्या.

पिएन्झा लहान आणि बहुतेक सपाट. दुसरे पोप पायस यांनी १४५९ पासून आपलं जन्मगाव नव्याने बांधून घेतलं. कॅथेड्रलचा मागचा भाग ठिसूळ जमिनीवर असल्याने तेव्हापासून खचतोय, भेगा आत दिसतात. जवळच्या बान्यो व्हिन्योनीत चौकातच गरम पाण्याचं कुंड आहे. त्यात उतरायला बंदी, पण खालच्या गिरण्यांच्या बाजूला वाहत्या पाण्यात पाय सोडता येतात. मोन्तेपुल्चानो चढच चढ, वर जाणारी छोटी बस घ्या.

ओर्व्हिएतो परतीच्या वाटेवर.

पंचगंगेकाठचा
फ्लोरेन्समध्ये कास्चिने बागेच्या पश्चिम टोकाला कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचं स्मारक आहे, तेही बघा. (शिवछत्रपतींचे पुत्र नव्हेत, हे नंतरचे.) इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचं तिथे निधन झालं, आर्नो आणि मुन्योनेच्या संगमावर दहन झालं. छत्रीखाली अर्धपुतळा आहे, १८७४ चा. शेजारच्या पुलालाही त्यांच्यावरूनच 'इंदियानो' (भारतीय) म्हणतात. बाग लांबलचक आहे, ट्रामच्या कास्चिने थांब्यावरून चालत जाऊ नका; टॅक्सी करा.

जात्यावरची_ओवी
फ्लोरेन्सची उफीझी आणि अकादेमिया ही संग्रहालयं सोमवारी बंद. १८ खालच्यांना प्रवेश फुकट, पण वेळेचं आरक्षण त्यांचंही करा आणि पासपोर्ट जवळ ठेवा.

घाटमाथा
व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून घेतात. मेच्या सुट्टीमुळे मार्च-एप्रिलच्या वेळा भराभर संपतात, जानेवारीतच भेट ठरवा. विमा किमान ३०,००० युरोचा. शेतघराचं आरक्षण रद्द करता येणारं घ्या आणि व्हिसा हातात आल्यावरच पक्कं करा.