रविवारी चर्चमध्ये वाजवतो आणि घरी हेवी मेटल (कर्कश गिटारचं रॉक) ऐकतो, यात नक्की अडचण काय आहे?

सहावी_तार
सलाम मंडळी. विषय जुनाच आहे पण आमच्या घरात सध्या रोज पेटतो म्हणून टाकतोय. मी नाशिकरोडला राहतो, चर्चच्या तरुण संघात गिटार वाजवतो. आधी साधी अकूस्टिक होती, दिवाळीच्या सेलमध्ये इलेक्ट्रिक घेतली, सोबत गिटारचा आवाज फाटका करणारं एक ओव्हरड्राइव्ह पेडल, आणि तिथूनच सगळं सुरू झालं. आजोबा म्हणतात हे सैतानाचं संगीत. बाबा म्हणतात चर्चमध्ये हळू वाजव बाबा, पण घरी ते आयर्न मेडन या मेटल बँडचे कवट्यावाले टीशर्ट घालून फिरू नकोस, लोक काय म्हणतील. पाळकसाहेब काहीच बोलत नाहीत, नुसते हसतात, ते जास्त टेन्शनचं आहे. मला प्रार्थनेतही मन लागतं आणि चांगला गिटार सोलो ऐकला की अंगावर काटाही येतो, मला तरी ही दोन वेगळी माणसं वाटत नाहीत. तुमच्यापैकी कोणी हे घरच्यांना कसं समजावलंत? आणि उपासनेत डिस्टॉर्शन (तो फाटका, खरखरीत आवाज) लावावं की नाही, खरं सांगा.

शरणपूरकर
आजोबांना एक विचार, रेव्हरंड टिळकांची (कवी ना. वा. टिळक) भजनं त्यांना आवडतात का? आवडतच असणार, आमच्या पिढीला ती तोंडपाठ आहेत. मग त्यांना आठवण करून दे की टिळकांच्या आधी मराठी चर्चमध्ये बरंचसं गायन म्हणजे इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं, मिशनरी साहेबांच्या घरून आलेली. १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाने अभंग, भजन, कीर्तन सरळ ख्रिस्ताच्या पायाशी आणून ठेवलं. टाळ-मृदंग म्हणजे देवळातलं, ते आपल्यात कशाला, असं म्हणणारे तेव्हाही असतीलच की. आज तीच पेटी-तबला "आपली जुनी परंपरा" झाली. आणि हो, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या जलालपूरच्या, म्हणजे नाशिकचा हक्क आहेच यात 😄

पण तुझ्या बाजूने सगळंच बोलणार नाही. टिळकांचं भजन लागलं की मागच्या बाकावरची म्हातारीसुद्धा गाते. तुझा सोलो लागला की ती गाते का? मला विचारशील तर भांडण रॉकचं नाहीच, मंडळी गातेय की बघत बसलीय एवढंच आहे. ऑर्गनवालासुद्धा स्वतःचंच वाजवत बसला तर मी त्यालाही हेच ऐकवीन.

डिस्टॉर्शनवाली
सैतानाचं संगीत म्हणणाऱ्यांना मी एकच व्हिडिओ दाखवते. अमेरिकन गायिका सिस्टर रोझेटा थार्प, १९६४, मँचेस्टरचं बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, पाऊस पडून गेलेला, बाई अंगात भारी कोट घालून घोडागाडीतून उतरतात, पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घालतात आणि प्लॅटफॉर्मवर उभ्या राहून गॉस्पेल (चर्चची भक्तिगीतं) सुरू, प्रेक्षक समोरच्या प्लॅटफॉर्मवर! ही बाई चर्चमध्येच गात-वाजवत वाढली. १९३८ मध्ये नाइटक्लबमध्ये गायला लागली तेव्हा चर्चवाले चिडले, आणि क्लबवाल्यांना तिची देवाची गाणी विचित्र वाटायची, म्हणजे दोन्हीकडून शिव्या. एल्व्हिस, चक बेरी हे सगळे तिच्या नंतरचे. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला घेतलं तेव्हा २०१८ उजाडलं, मरून चाळीसेक वर्षं झाल्यावर. तेव्हा आजोबांना सांग, रॉक चर्चमधून बाहेर गेलंय, बाहेरून आत घुसलेलं नाही.

आणि स्ट्रायपर हा ख्रिश्चन मेटल बँड ऐकलायस का? पिवळे-काळे पट्टे, डोक्यावर केसांचे डोंगर, शोमध्ये प्रेक्षकांत नवा करार फेकायचे, लोगोखाली बायबलमधलं वचन, यशया ५३:५. १९८६ चा त्यांचा अल्बम अमेरिकेत प्लॅटिनम गेला. तरी अर्धे पाळक त्यांच्या विरोधात आणि अर्धे मेटलवाले हसायचे. सगळ्यांना खूश करायचं ठरवलं असतं तर एक गाणंही झालं नसतं.

देवळालीचा_बेस
इथे थोडा वेगळा सूर लावतो. "ख्रिश्चन रॉक" असा शिक्का मारला की आपण काहीही ऐकून घेतो, हे मला पटत नाही. चार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), ओळीओळीला येशूचं नाव, आणि सगळ्यांच्या गिटारला तोच एक डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट). त्यापेक्षा मी फिल केगी हा ख्रिश्चन गिटारवादक ऐकेन. लहानपणी पंपात सापडून उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं, तरी काय वाजवतो तो माणूस! त्याची नुसती वाद्यावरची पीस ऐक, शब्द एकही नाही, तरी विश्वास कुठून येतो ते कळतं. मेडनचं म्हणशील तर कवटीला मी घाबरत नाही, पण गाणं ऐकून दिवसभर डोकं कशात फिरतंय ते ज्याचं त्याने तपासावं, तेवढं प्रामाणिक राहिलं तर झालं. टीशर्ट मात्र बाबांसमोर नको घालूस, त्यात कसला आलाय लढा.

तबला_ते_टेली
तत्त्वज्ञान झालं, आता डिस्टॉर्शनचं बोलू. लाव, पण डोकं लावून. पत्र्याचं छत आणि उघड्या भिंती असतील तर सगळा आवाज परत तुमच्याच कानात येतो, गायकाचे शब्द जातात. अँप (गिटारचा स्पीकर) जमिनीवर ठेवू नको, खुर्चीवर ठेवून स्वतःच्या कानाकडे तिरका कर, म्हणजे तुलाच कळेल किती मोठा आहे आणि पहिल्या बाकावरची माणसं वाचतील. गेन (आवाज किती फाटणार ते बटन) निम्म्याच्या खाली. पूर्ण कॉर्ड डिस्टॉर्शनमध्ये चिखल होतो, कारण गंधार बाकीच्या स्वरांना घासतो. नुसता सा आणि प धरलास की स्वच्छ ऐकू येतं, आणि पेटीवाल्या काकांशी भांडणही होत नाही, ते गंधार कोमल घेवोत नाहीतर शुद्ध. तंबोऱ्यातसुद्धा बहुतेक वेळा सा-पच असतात, तेच समज.

आणखी एक. भैरवीतलं भजन असेल तर तुझी मजा आहे. भैरवीचे मूळ स्वर म्हणजे पाश्चात्य संगीतातली फ्रिजियन मोड ही स्वरावली, मेटलवाले जिच्यावर जीव टाकतात तीच. आणि धानी राग म्हणजे मायनर पेंटाटॉनिक ही पाच स्वरांची मालिका, प्रत्येक गिटारवाला जो पहिला बॉक्स (बोटांचा साचा) शिकतो तो. पेटीचा सा काळी एकला (सी शार्प) असेल तर गिटार अर्धा स्वर उतरव आणि डी चे शेप (बोटांची मांडणी) वाजव, बरोब्बर बसेल.

सहावी_तार
बापरे, थँक्यू सगळ्यांना. थार्पबाईंचा व्हिडिओ आजोबांना दाखवला, पूर्ण बघितला त्यांनी, मग म्हणाले "बाई चांगलं गाते, पण ती गिटार जरा बारीक करायला सांग." म्हणजे अर्धं काम झालं म्हणायचं 😂 @तबला_ते_टेली आमच्या काकांची पेटी पांढरी दोनला (डी) असते, मग?

तबला_ते_टेली
मग काहीच उतरवू नको, डी तसाच वाजव. चौथी तार मोकळी सोडून दे खाली, षड्ज आपोआप घुमत राहील. आणि काकांना आधी विचार हां, पेडल लावायच्या आधी.

शरणपूरकर
आणि मधला सोलो आठ मात्रांचा ठेव, सोळाचा नको.